मासे क्वारंटाइनमध्ये, टाकीत फक्त कोरल: 76 दिवस नायट्रेट-फॉस्फेट कसं टिकवायचं?

समुद्रफेन (दुबई)

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत व्हाइट स्पॉट (माशांवर पांढरे ठिपके आणणारा परजीवी) निघाला म्हणून सगळे मासे क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या टाकीत, हलवले. तिथे कॉपरचं औषध सुरू आहे, त्याची काळजी नाही. प्रश्न मुख्य टाकीचा आहे.

सम्प (खालची फिल्टरची टाकी) धरून निव्वळ पाणी 300 लिटर. कोरलमध्ये हॅमर, टॉर्च, अकान, डंकन, एक माँटिपोरा आणि दोन छोट्या अक्रोपोरा. क्लीनर श्रिंप एक जोडी, टर्बो आणि नासारियस शंख. स्किमर (फेसावाटे घाण काढणारं यंत्र), फॉस्फेट शोषणारा जीएफओ रिअ‍ॅक्टर आणि कीटोमॉर्फा या शैवालाचं रिफ्युजियम (वेगळा कप्पा, दिवा 12 तास), सगळं पूर्वीसारखंच चालू ठेवलंय. पाणी दर आठवड्याला 10 टक्के बदलते.

मासे काढून 19 दिवस झाले. नायट्रेट 12 वरून 2 पीपीएम, फॉस्फेट 0.08 वरून 0.01. अल्कलिनिटी 8.2 होती, आता 9.3 डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक). सॅलिनिटी 35, तापमान 25.5. माँटिपोराचा रंग उडतोय, हॅमर पूर्वीइतका फुलत नाही आणि दोन दिवसांपासून वाळूवर तपकिरी थर धरतोय. पाणी इतकं स्वच्छ असताना कोरल का कोमेजतायत? खाऊ टाकायचा, की डोसिंग करायचं? आणि परजीवी मरावा म्हणून टाकी 76 दिवस माशांविना ठेवायला सांगतात, तितकं खरंच थांबावं लागतं का?

खारवी

कोरल उपाशी आहेत. मासे गेले तेव्हा टाकीतलं खत गेलं, पण खत उपसणारी यंत्रणा मात्र पूर्ण जोरात चालू राहिली. मासे दिवसभर कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात आणि कोरलच्या आतलं शैवाल तो थेट उचलतं. नायट्रेटही त्याला चालतं, पण ते आधी अमोनियमपर्यंत आणायला ऊर्जा खर्च करावी लागते. तुमच्याकडे आता दोन्ही संपत आलंय. त्यातून हॅना कंपनीच्या फॉस्फेट चेकरची चूकच 0.02 पीपीएमच्या आसपास असते, म्हणजे 0.01 हे वाचन शून्य धरूनच चालायचं.

डोसिंगच्या आधी उपसा थांबवा. जीएफओ आजच काढा. पाणी बदलणं नायट्रेट 5 वर येईपर्यंत बंद. व्होडका, व्हिनेगर किंवा बाटलीतलं कार्बन डोसिंग (बॅक्टेरियांना खाद्य देऊन नायट्रेट उतरवणं) करत असाल तर तेही बंद. रिफ्युजियमचा दिवा 12 वरून 4 तासांवर आणा, पण एकदम विझवू नका, कीटोमॉर्फा सडला तर वेगळीच डोकेदुखी. स्किमर पूर्ण बंद करायचा मोह होतो, तो टाळा. रात्री ऑक्सिजन आणि पीएच सांभाळण्यात त्याचा मोठा हात असतो. कपाच्या तळाच्या नळीतून फेस पुन्हा सम्पमध्ये पडू द्या: हवा खेळती राहते आणि पाण्यातलं काहीच बाहेर जात नाही. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन चालेल, महिन्याला बदला.

आता डोस. दोन वेगवेगळ्या बाटल्या करा, दोन्ही आरओ-डीआय (क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्यात.

नायट्रेटची बाटली: सोडियम नायट्रेट 27.4 ग्रॅम, पाणी 1 लिटरपर्यंत. 1 मिलीत 20 मिलिग्रॅम नायट्रेट येतं, म्हणजे तुमच्या 300 लिटरला 15 मिली टाकलं की 1 पीपीएम वाढ.

फॉस्फेटची बाटली: मोनोपोटॅशियम फॉस्फेट 1.43 ग्रॅम, पाणी 1 लिटरपर्यंत. 1 मिलीत 1 मिलिग्रॅम फॉस्फेट. 6 मिली म्हणजे 0.02 पीपीएम. सोनाराकडे असतो तसा 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा लागेल, स्वयंपाकघरातल्या काट्यावर हे वजन होत नाही.

रसायन प्रयोगशाळेच्या किंवा खाद्य प्रतीचं घ्या. शेतीच्या खताच्या गोणीतलं नको, त्यात इतर धातू किती आहेत ते कळत नाही. पोटॅशियम नायट्रेटही चालतं, फक्त दर 1 पीपीएम नायट्रेटमागे 0.63 पीपीएम पोटॅशियम आत जातं. दोन महिने रोज 1 पीपीएम दिलं तर 38 पीपीएमची भर. त्यापेक्षा सोडियम नायट्रेट बरं.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी फॉस्फेट, मग नायट्रेट. नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट नाही, ही स्थिती दोन्ही कमी असण्यापेक्षा वाईट. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या प्रवाळ प्रयोगशाळेने युफिलियावर, म्हणजे तुमच्या हॅमर-टॉर्चच्याच कुळावर, प्रयोग करून दाखवलंय की फॉस्फेट तुटलं की आतलं शैवाल बिघडतं आणि कोरल ब्लीच होतो, म्हणजे पांढरा पडतो.

पहिले तीन दिवस फक्त फॉस्फेट, रोज 6 मिली. चौथ्या दिवसापासून सोबत नायट्रेट 15 मिली. डोस जोराच्या प्रवाहात, थोड्या टाकीच्या पाण्यात पातळ करून. वाचन पुढचा डोस द्यायच्या आधी घ्या, म्हणजे 24 तासांनी. तासाभराने घेतलेलं वाचन फसवं असतं. फॉस्फेट सकाळी टाकलं आणि संध्याकाळी गायब, असं पहिला आठवडाभर होईल. खडक आणि वाळू अ‍ॅरागोनाइटची, ती फॉस्फेट शोषून धरते. म्हणून घाबरून तिप्पट डोस देऊ नका, तेवढाच रोज देत राहा. खडक भरत आला की आकडा आपोआप टिकू लागतो. लक्ष्य नायट्रेट 5 ते 8, फॉस्फेट 0.05 ते 0.1. तिथे पोचलात की डोस निम्मा करा आणि आठवड्यातून दोनदा मोजा.

दिव्याचं एक. उपाशी कोरलला पूर्ण उजेड झेपत नाही. तीव्रता 20 टक्क्यांनी उतरवा, तास तेच ठेवा. रंग परत आला की आठवड्याला 5 टक्क्यांनी चढवा.

शिंपला

खारवींनी अल्कलिनिटीवर लिहिलं नाही, पण मला सगळ्यात जास्त धोका तिथेच दिसतो. 8.2 वरून 9.3 ही वाढ आपोआप झालेली नाही. डोसिंग पंप पूर्वीच्याच मापाने सोडतोय, आणि उपाशी कोरलने सांगाडा बांधणं मंदावलंय. खप कमी, पुरवठा तेवढाच. अक्रोपोराची टोकं पांढरी पडून तिथली त्वचा जळते ती नेमकी याच जोडीने: अल्कलिनिटी 9 च्या वर आणि पोषण शून्यावर.

पंपाचा अल्कलिनिटीचा डोस आज 30 टक्के कमी करा. पूर्ण बंद नको. रोज एकाच वेळी मोजा, दिवसाला 0.3 ते 0.5 डीकेएचपेक्षा जास्त उतरू देऊ नका, 8 च्या आसपास स्थिरावली की तो डोस कायम. कॅल्शियम 420 आणि मॅग्नेशियम 1300 च्या आसपास असलं की पुरे, ते रोज मोजत बसायची गरज नाही.

अजून दोन गोष्टी पुढे लक्षात राहू द्या. सोडियम नायट्रेटमधलं नायट्रेट टाकीत खपतं तेव्हा अल्कलिनिटी किंचित वाढते: 10 पीपीएम खपलं की साधारण अर्धा डीकेएच. आणि तीन-चार आठवड्यांनी कोरल सावरले की खप पुन्हा वाढेल, तेव्हा आकडा 7 च्या खाली घसरेल. पंप त्या वेळी पुन्हा वर न्यावा लागतो. बरेच जण पहिला बदल करतात आणि दुसरा विसरतात.

पाणबुडी

76 दिवसांबद्दल.

व्हाइट स्पॉटचा परजीवी, क्रिप्टोकॅरियन, माशाच्या अंगावर 3 ते 7 दिवस राहतो. मग गळून पडतो, काही तासांत खडकावर, काचेवर, शंखाच्या पाठीवर चिकटून पुटी (स्वतःभोवती कवच) करतो. पुटीच्या आत विभाजन होऊन शेकडो पिल्लं बाहेर पडतात, आणि त्यांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. कोरल, श्रिंप, शंख यांच्यावर ती जगू शकत नाहीत. बहुतेक पुट्या चार आठवड्यांत फुटतात, पण 72 दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. त्यावर चार दिवस जादा धरून 76.

तापमान 27 च्या थोडं वर सतत ठेवलं तर चक्र वेगाने फिरतं, आणि आता अनेक अनुभवी मंडळी त्या तापमानाला 45 दिवस पुरेसे मानतात. तुमची टाकी आत्ता अशक्त आहे. मी असते तर 25.5 वर ठेवून पूर्ण 76 दिवस दिले असते. उपाशी कोरलला वर उष्णतेचा ताण कशाला? तुमच्याकडच्या उन्हाळ्यात चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) एक दिवस जरी बंद पडला तरी 27 चे 30 व्हायला वेळ लागत नाही.

दिवस मोजायचे ते शेवटचा मासा बाहेर आला तेव्हापासून. खडकात लपलेली एखादी गोबी राहिली असेल तर तुमचे 19 दिवस शून्य. रात्री दिवे गेल्यावर तासाभराने लाल प्रकाशाच्या टॉर्चने एकदा सगळ्या फटी बघून घ्या.

या काळात टाकीत नवीन काहीही नको. नवा फ्रॅग (कोरलचा तुकडा), नवा शंख, दुसऱ्याच्या टाकीतलं कीटोमॉर्फा, यातलं काहीही माशांच्या टाकीतून आलं असेल तर पुटी सोबत येऊ शकते आणि मोजणी पहिल्यापासून. क्वारंटाइनची जाळी, बादली, नळी, थर्मामीटर वेगळे ठेवा. आधी मुख्य टाकीचं काम, मग क्वारंटाइनचं, उलट कधीच नाही. हात कोपरापर्यंत धुऊन कोरडे करा. दोन्ही टाक्या एकाच खोलीत असतील तर किमान 3 मीटर अंतर, कारण एअरस्टोनच्या तुषारांबरोबरही परजीवी उडतो.

रत्नाकर_कोकण

चांगली चर्चा. एक शंका: नवीन शंख दुकानातून नको असतील तर किनाऱ्यावरून आणलेले चालतील का? मालवणला खडकांवर भरपूर असतात.

पाणबुडी

नको. समुद्रात मासे असतातच, म्हणजे शंखावर पुटी असण्याची शक्यताही असतेच. शिवाय पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावरची सॅलिनिटी खूप खाली जाते, तिथला प्राणी एकदम 35 मध्ये टाकला तर बहुधा मरतो आणि टाकीत सडतो. आणि शंखांबरोबर प्रवाळाचा तुकडा उचलायचा विचार कुणी करत असेल तर तोही सोडा: रीफ बांधणारी प्रवाळं 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आली.

जलतरंग

खाऊ टाकायचा का, याचं उत्तर: हो, पण मोजून, आणि डोसिंगच्या जोडीला. मासे नसताना फ्लेक टाकून नायट्रेट वाढवायचा प्रयत्न बेभरवशाचा असतो. खाऊ आधी कुजतो, बॅक्टेरिया वाढतात, आणि फॉस्फेट किती मिळेल ते सांगता येत नाही. पण एलपीएसना (मोठ्या पॉलिपचे कोरल: हॅमर, टॉर्च, अकान, डंकन) तोंडात मांस लागतं, आणि श्रिंपना तर लागतंच. त्यांना माशांचं उष्टं मिळायचं, ते बंद झालंय. भुकेला क्लीनर श्रिंप अकानच्या तोंडातून घास ओढून काढतो आणि त्या ओढाताणीत कोरलची त्वचा फाटते.

आठवड्यातून दोनदा असं करा. गोठवलेल्या मायसिसचा (बारीक कोळंबीसारखा जीव) एक क्यूब टाकीच्या पाण्यात विरघळू द्या, चहाच्या गाळणीत ओतून धुवा, ते गढूळ पाणी फेकून द्या. मुख्य दिवे गेल्यावर अर्ध्या तासाने, फक्त निळा प्रकाश असताना, रिटर्न पंप आणि वेव्हमेकर बंद. आधी श्रिंपना टाकीच्या दुसऱ्या टोकाला दोन-दोन मायसिस द्या, ते हातात धरून खात बसतील. मग लांब पिपेटने अकानच्या कडेला थोडं पाणी फुंका. दोन-चार मिनिटांत तोंडाभोवतीचे छोटे पारदर्शक स्पर्शक बाहेर येतात. ते आले की प्रत्येक तोंडावर एकच मायसिस हळूच सोडा. पिपेट टेकवू नका, टेकलं की कोरल आवळून घेतो. हॅमर आणि टॉर्चला स्पर्शकांच्या मधोमध, डंकनला प्रत्येक डोक्याला एक. श्रिंप फारच आगाऊ असेल तर पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून, झाकण काढून, अकानवर टोपीसारखा ठेवा आणि वरच्या तोंडातून खाऊ सोडा. 15 मिनिटांत घास गिळला जातो. मग वेव्हमेकर सुरू करा, त्यानंतर 5 मिनिटांनी रिटर्न.

तासाभराने वाळूवर काही उरलेलं दिसलं तर ओढून घ्या. नासारियस बरंचसं संपवतील, पण उरलंसुरलं टिपायला आता मासे नाहीत हे विसरू नका.

पावडरचा खाऊ अक्रोपोरासाठी आठवड्यातून एकदा, चमच्याच्या टोकावर मावेल इतकाच. जास्त झाला की व्हर्मेटिड शंख फोफावतात, त्यांची जाळी कोरलवर पसरते आणि पॉलिप मिटून बसतात.

टँग (शैवाल खाणारा मासा) नसल्यामुळे काचेवर आणि खडकावर केसाळ शैवाल येईल, डोसिंग सुरू केल्यावर जास्तच. हाताने उपटा, टूथब्रशने घासून लगेच नळीने ओढा. ते दिसलं म्हणून डोस बंद करू नका. केसाळ शैवाल परवडतं, डायनो (डायनोफ्लॅजेलेट, शेंबडासारखा थर धरणारे सूक्ष्म जीव) परवडत नाहीत.

खारवी

जलतरंग यांनी डायनोंचं नाव काढलंच आहे, तर त्या तपकिरी थराकडे आज रात्रीच बघा. नायट्रेट-फॉस्फेट शून्याला टेकलं की डायनोफ्लॅजेलेट पसरतात, हा माशांविना ठेवलेल्या टाकीतला सगळ्यात मोठा धोका.

थर पिठासारखा, सुटा, बोटाने झटकला की धुरळा उडतो: डायटम (निरुपद्रवी सूक्ष्म शैवाल), सोडून द्या. चादरीसारखा, कोपरा धरून सोलता येतो, लालसर किंवा गडद: सायनोबॅक्टेरिया. शेंबडासारखे तंतू, टोकाला हवेचे बुडबुडे, रात्री जवळजवळ नाहीसे आणि दुपारी पुन्हा: डायनो. खात्री करायची तर तो थर टाकीच्या पाण्यासकट छोट्या बाटलीत ओढा, मिनिटभर जोराने हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. पुन्हा तंतू जमून गोळा झाला तर डायनोच. 400 पट दाखवणारी साधी सूक्ष्मदर्शी मिळाली तर उत्तम, कारण जात कळली की उपाय ठरतो.

दोरीने बांधल्यासारखे एकाच जागी गोल फिरणारे थेंबाच्या आकाराचे जीव म्हणजे ऑस्ट्रिऑप्सिस. ते रात्री पाण्यात तरंगतात, म्हणून यूव्ही दिव्याचा फिल्टर चालतो: 300 लिटरला 25 वॅट, प्रवाह मंद, पाणी सम्पमधून नव्हे तर थेट मुख्य टाकीतून घेऊन तिथेच परत सोडायचं. ते विषारी असतात. टर्बो शंख उलटे पडून मरू लागले तर पहिला संशय त्यांच्यावर, आणि मग कार्बन ताजा ठेवा. वाळूवर सावकाश सरकणारे, बदामासारखे चपटे आणि टोकाला छोटी चोच असलेले जीव म्हणजे अँफिडिनियम. ते वाळू सोडत नाहीत, त्यांना यूव्ही निरुपयोगी. त्यांच्यासाठी पोषण वर ठेवायचं आणि सिलिकेट देऊन डायटमना पुढे काढायचं.

दोन्ही बाबतीत पाणी बदलू नका आणि वाळू रोज उकरू नका. फॉस्फेट 0.1 पर्यंत न्या. पाणी बदललं की ते आणखी स्वच्छ होतं आणि डायनोंना तेच हवं असतं.

समुद्रफेन (दुबई)

सगळ्यांचे मनापासून आभार. जीएफओ काढला, पंप 30 टक्के खाली आणला. बाटलीची चाचणी केली: तासाभरात तंतू जमले नाहीत, गाळ तळाशी सुटाच राहिला. म्हणजे डायटम दिसतायत. फॉस्फेटचा पहिला डोस उद्या सकाळी.

शेवटचा प्रश्न: 76 दिवसांनी मासे परत सोडताना डोसिंग कधी थांबवायचं? आणि सहाच्या सहा मासे एकदम सोडले तर चालतील का?

शिंपला

डायटम असतील तर सुटलात, पण आठवड्याने चाचणी पुन्हा करा. डायटमच्या मागोमाग डायनो येतात असं पुष्कळदा दिसतं.

सहा एकदम नकोत. अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया खाऊच्या प्रमाणात राहतात, अडीच महिन्यांत त्यांची संख्या घटलेली असते. आधी दोन छोटे मासे, सात-आठ दिवसांनी पुढचे दोन, टँग शेवटी. तो तोपर्यंत क्वारंटाइनमध्ये नोरी (वाळवलेलं समुद्री शैवाल) नीट खात असला पाहिजे. पहिले दोन मासे जातील त्याच्या तीन दिवस आधी नायट्रेटचा डोस बंद, फॉस्फेटचा निम्मा. प्रत्येक टप्प्यानंतर चार दिवसांनी मोजायचं. नायट्रेट 5 च्या वर स्वतःहून टिकलं की फॉस्फेटचाही बंद. स्किमरचा कप तेव्हा पुन्हा नेहमीसारखा लावा, रिफ्युजियमचा दिवा आठवड्याला दोन तासांनी वाढवा. जीएफओ मात्र फॉस्फेट 0.15 ओलांडेपर्यंत डब्यातच राहू द्या.

आणि मासे हलवताना क्वारंटाइनचं पाणी टाकीत जाता कामा नये. दोन्हीकडची सॅलिनिटी आणि तापमान आदल्या दिवशीच जुळवून ठेवा, मासा छिद्रांच्या प्लास्टिकच्या डब्यात घ्या, पाणी पूर्ण निथळू द्या आणि डबा मुख्य टाकीवर उलटा करा. जाळी वापरलीच तर ती मुख्य टाकीत बुडवू नका. कॉपर असलेलं पाणी थोडं थोडं करत गेलं तरी श्रिंप आणि शंखांना ते बाधतं.